थेंबनाना

भर बाजारात, चारचौघांसमोर मला भेसळखोर ठरवणारा माणूस म्हणजे निवृत्तीनाना. माझं भूमला औषधाचं दुकान आहे. दुकानाच्या पायरीवर उभं राहून, हात वर करून त्यांनी सांगितलं होतं, "ह्याच्या गोळीत मैदा हाय!" त्या दिवशी मी ठरवलं होतं की या माणसाला पुन्हा पायरी चढू द्यायची नाही. आता नाना नाहीत. आणि बाजारच्या दिवशी गर्दीत तशी पांढरी टोपी दिसली की मी हातातलं गिऱ्हाईक सोडून मान उंच करून बघतो. माणसाचं काही खरं नाही.

आमच्या भागात पाऊस बेताचा, पण दूध भरपूर. ते आटवून खवा करायचा, हा इकडचा जुना धंदा. नानांची भट्टी गावाबाहेर रस्त्याला लागून होती. सकाळी आजूबाजूच्या वस्त्यांवरून दुधाचे कॅन यायचे आणि नाना कढईजवळ न थांबता फाटकाशी उभे राहायचे. उंच, वाळलेले, कानावर विडी. कॅनचं झाकण उघडलं की एक बोट बुडवून थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, हात तिरका धरायचा आणि बघत राहायचं. थेंब जागेवर थांबला तर दूध आत. घसरला तर कॅन परत. दूधवाला म्हणायचा, "नाना, काल पाऊस झाला, म्हशीनं वलं गवात खाल्लंय." नाना म्हणायचे, "मग पुढल्या बारीला म्हशीला छत्री दे."

खव्याची परीक्षा आणखी कडक. चिमूटभर खवा तळव्यावर चोळायचा, तूप सुटतं का बघायचं, हुंगायचा, आणि मग सदऱ्याच्या खिशातून आयोडिनची लहान बाटली काढून वर एक थेंब. खव्यात मैदा किंवा आरारूट मिसळलं असेल तर तो थेंब निळा-काळा पडतो. नसेल तर तपकिरीच राहतो. ही परीक्षा या धंद्यातल्या बऱ्याच जणांना माहीत असते, पण ते ती खव्यापुरती ठेवतात. नानांनी ती जगाला लावली. लग्नातली बासुंदी, हॉटेलातली दह्याची वाटी, देवळातला पेढा, काही सुटलं नाही. म्हणून गावानं त्यांचं नाव थेंबनाना ठेवलं होतं. त्यांच्या तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते माहीत होतं, कारण आपल्या पाठीमागं लोक काय बोलतात याचा संशय त्यांना कायमच असे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. नानांचं तोंड कधी, कशानं पोळलं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. दुसऱ्याच्या काडीवर विडी पेटवायचे नाहीत. कुणी रस्ता सांगितला तर पुढं जाऊन आणखी दोघांना विचारायचे. कुणी "नाना, आज तब्येत छान दिसतीय" म्हटलं तर संध्याकाळपर्यंत याला आपल्याकडून काय पाहिजे असेल याचा विचार करत बसायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दूध पांढरं, चुनाबी पांढरा." एवढं म्हटलं की त्यांच्या लेखी वाद संपायचा.

मुलासाठी बेंबळीला मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट आमच्याकडं अजून सांगतात. बैठक बसली, पोहे आले, पाठोपाठ घरी केलेले पेढे आले. नानांनी पेढा उचलला, फोडला आणि सगळ्यांसमोर खिशातून बाटली काढली. मुलीच्या बापाचा चेहरा उतरला. पोराकडच्यांनी माना खाली घातल्या. थेंब पडला, सगळी बैठक त्या पेढ्याकडं बघत राहिली. थेंब तपकिरीच राहिला. तेवढ्यात आतून मुलगी बाहेर आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "आमच्या म्हशीचं दूध हाय, मीच आटवलंय. आता तुमच्या पोराला काय लावून बघायचं ते आमालाबी सांगा."

तिचे मामा-काका तिला गप्प करायला धावले. नाना मात्र खूश. "सोयरीक पक्की," म्हणाले. "पोरगी बिनपाण्याची हाय." ती सुनंदा. नवरा पुण्याला नोकरीला, त्यामुळं भट्टी, सासरा आणि सासऱ्याचा संशय, हे तिन्ही तिनंच सांभाळलं. सासऱ्याला ती मामा म्हणायची. नानांना पुरून उरणारं माणूस पंचक्रोशीत तेवढंच एक.

आता माझ्या अब्रूची गोष्ट. गावात एकदा आरोग्य शिबिर झालं. तिथं नानांचा रक्तदाब तपासला तर तो भलताच वाढलेला. रोज एक गोळी घ्यायची, कधीच बंद करायची नाही, विडी मात्र बंद करायची, असं डॉक्टरांनी बजावलं. विडीचा भाग नानांनी ऐकलाच नाही. गोळ्या माझ्याकडून न्यायला लागले. काही महिने बरे गेले. मग एका बाजारच्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले, तळहातावर गोळीचे दोन तुकडे. दोन्ही तुकडे शाईसारखे निळेकाळे.

"मेडिकल," ते म्हणाले. मला ते नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "हे काय हाय?"

मला हसू आलं. तिथंच चुकलं. मी म्हणालो, "नाना, औषध असतं मोहरीएवढं. ते धरून ठेवायला, गोळीचा आकार यायला त्यात स्टार्च घालतात. पिठासारखाच पदार्थ असतो. सगळ्या जगात घालतात."

"म्हंजी हाय की न्हाय पीठ?"

"आहे, पण..."

"कबूल केलं!" नाना गर्दीकडं वळले. "ऐकलं का? ह्याच्याच तोंडानं म्हणतंय! ह्याच्या गोळीत मैदा हाय!"

आणि गंमत बघा, ज्या आयोडिननं त्यांनी मला उघडं पाडलं, त्याची बाटलीही माझ्याच दुकानातली. मी ते ओरडून सांगितलं, तर गर्दी आणखीच हसली. पुढं कितीतरी दिवस लोक खोकल्याचं औषध नेतानासुद्धा डोळे मिचकावून विचारायचे, "पाण्यातलं का दुधातलं?" मला राग आला होता आणि तो खरा होता. पण राग मला आला, गोळी त्यांची बंद झाली. सुनंदानं दोनदा नवीन पाकिटं नेली. नानांनी ती दोन्ही वेळा थेंब टाकून निळी केली आणि उकिरड्यावर फेकली. परीक्षा बरोबर होती, निकालही बरोबर होता, फक्त प्रश्न चुकीचा होता. हे त्यांना कोण सांगणार? मी सांगितलं असतं तर तो चोराचा कांगावा झाला असता.

त्याच सुमाराला मी एकदा भट्टीवर गेलो होतो, सुनंदाच्या पोराचं औषध द्यायला. दुपारची वेळ, नाना बाजेवर उताणे, टोपी पोटावर ठेवलेली. ती टोपी हलत होती. श्वासाबरोबर हलते तशी नाही. ठोका पडल्यासारखी, टुक टुक. मी बघतोय म्हटल्यावर नाना डोळे न उघडता म्हणाले, "पोटात पाखरू हाय माझ्या. लई दिसापास्नं हाय."

सुनंदा आतून म्हणाली, "मामा, किती बारी म्हणले, डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टर पाखरू काढील आन् घुबड ठिवील," नाना म्हणाले आणि टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. मी औषध देऊन परत आलो. मला वाटलं, वाळकं अंग आहे, पोटातल्या नाडीचा ठोका दिसत असेल.

त्यानंतर साधारण वर्षभरानं, बाजारच्याच दिवशी, नाना स्वतःहून माझ्या दुकानात आले. एक हात कमरेवर, चेहरा राखेसारखा. "मलम दे," म्हणाले. "पाठीत उसण भरलीय. मलमात मैदा घालता येत न्हाय, म्हणून तुझ्याकडं आलो." एवढ्यातही टोमणा होताच. मी डबी काढेपर्यंत त्यांना दरदरून घाम फुटला, आणि काउंटरला धरून ते हळूहळू खाली बसले. सुनंदा भाजी घेत होती, तिला कुणीतरी हाक मारून आणलं. आम्ही दोघांनी त्यांना रिक्षात घालून जवळच्या डॉक्टरांकडं नेलं. मुतखडा असणार असं मी वाटेत म्हणत होतो.

डॉक्टरांनाही आधी तेच वाटलं. मग त्यांनी पोटावर हात ठेवला आणि बोलायचे थांबले. लगेच सोनोग्राफी केली. बाहेर येऊन त्यांनी आम्हाला समजेल असं सांगितलं. हृदयाकडून पायांकडं जाणारी मोठी रक्तवाहिनी पोटात फुग्यासारखी फुगली आहे. आज तो फुगा फुटलाय. पाठीकडच्या मांसानं गळती कशीबशी दाबून धरलीय. ती सुटली तर काही मिनिटांचा खेळ. जवळपास हे काम करणारं हॉस्पिटल सोलापुरातच आहे, मी फोन केलाय, निघा.

तेच ते पाखरू. मी मनात टोपी हलताना बघितली.

नाना टेबलावर पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. "सोलापूरच का?" त्यांनी विचारलं. "बार्शी वाटंत लागती. ह्याचं तिथं काय हाय?" डॉक्टर भले माणूस, त्यांनी रागावण्यात वेळ घालवला नाही. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये एक तरुण डॉक्टर सोबत दिला. सुनंदा आणि मी मागं बसलो. सलाईन लावलेलं होतं, पण थेंब अगदी हळू पडत होते. नानांची नजर त्या थेंबांवर. सगळा जन्म थेंब बघण्यात गेलेला.

"बारीक का सोडलंय?" ते पुटपुटले. "आखडता हात का?"

तो डॉक्टर म्हणाला, "आजोबा, पाइप फुटलाय आणि मोटर जोरात चालू केली तर काय होईल? प्रेशर मुद्दाम कमी ठेवलंय."

नानांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्यो तुझ्या वळखीचा व्हय?" मी नाही म्हणालो. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

सोलापुरात एक तरुण डॉक्टरीणबाई वाट बघतच उभ्या होत्या. स्कॅन झालं. मग त्या नानांच्या उशाशी येऊन वाकल्या आणि घाईत असूनही त्यांनाच सांगितलं, आम्हाला नाही. पोट फाडायचं नाही. दोन्ही जांघांत बारीक छिद्र पाडायचं. तिथून तारेवरनं एक मिटलेली नळी वर न्यायची. नळी कापडाची, आत तारेच्या स्प्रिंगा. फुग्याच्या जागी गेली की ती छत्रीसारखी उघडते, रक्त तिच्यातून वाहतं आणि फुटलेली जागा बाहेर राहते. पूर्ण भूल दिली तर पोट सैल पडून प्रेशर कोसळायची भीती, म्हणून फक्त जांघ बधिर करायची. तुम्ही जागेच राहाल.

नानांना एवढी माहिती द्यायची म्हणजे त्यांच्या हातात काठी देण्यासारखं होतं.

"पोट न फाडता पोटातलं काम," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण धार तीच. "म्हंजी तुमी केलं का न्हाय, कुनालाच दिसायचं न्हाय."

"मला स्क्रीनवर दिसेल. तुम्हालाही दाखवीन."

"आन् नळी कापडाची? कापडाला खळ असती, पिठाची."

बाई क्षणभर गोंधळल्या. मग म्हणाल्या, "याला नसते." आणि खरं तेच सांगायचं म्हणून असेल, पुढचंही सांगून टाकलं. ही नळी आधी मागवून ठेवावी लागते, अशी कपाटात पडलेली नसते. ही दुसऱ्या एका पेशंटसाठी आणली होती. त्यांचा फुगा अजून फुटलेला नाही, परवा ऑपरेशन होतं. त्यांना विचारलं, ते म्हणाले द्या. माप तुम्हाला चालतंय.

झालं. नानांनी डोळे मिटले. "दुसऱ्याचा सदरा मला. आन् त्यो फुकट देतोय. का देतोय? मी सही करनार न्हाय."

सुनंदा त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "मामा, मरायचंय का तुमाला?"

"मरायचं न्हाय. फसायचंबी न्हाय."

मी पुढं झालो, पण काय बोलणार? मी तर ठरलेला चोर. बाईंनी घड्याळाकडं बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा मला स्पष्ट भीती दिसली. हा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर, हातात औजार असताना, केवळ विश्वास बसत नाही म्हणून जाणार होता. मलाही त्या क्षणी नानांचा जीव जाण्यापेक्षा हे जास्त लागलं की हा माणूस कुणाचंच न ऐकता, एकटाच जाईल.

इतक्यात एक सिस्टर जांघ साफ करायला आली. होकार आला तर वेळ नको जायला. तिनं वाटीत औषध ओतलं, बोळा बुडवला आणि नानांच्या कातडीवर फिरवला. तपकिरी पट्टा उमटला. खोलीत वास पसरला.

नानांच्या नाकपुड्या हलल्या. डोळे उघडले.

"हे काय हाय?"

"आयोडिनचंच औषध आहे, आजोबा. जंतू मारायला."

"आण हिकडं."

सिस्टरनं बाईंकडं बघितलं. बाईंनी मान हलवली. तिनं बोळा पुढं केला. नानांनी हात वर करून त्याला बोट लावलं, हुंगलं, आणि अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेऊन हात तिरका धरला. आम्ही सगळे त्या नखाकडं बघत उभे. बाईसुद्धा.

"खरं हाय," नाना म्हणाले. मग मान उचलून त्यांनी आपल्या जांघेकडं बघायचा प्रयत्न केला. "मला लावलंय ना? बघा, निळा पडलो का मी?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अजिबात नाही."

"मग करा."

अंगठा, सही, जे पाहिजे ते दिलं. स्ट्रेचर आत गेलं. सुनंदा भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली, तेव्हा मी तिला पहिल्यांदा रडताना बघितलं.

आत काय झालं ते नानांनी नंतर भट्टीवर बसून शेकडो लोकांना सांगितलं. प्रत्येकाला वेगळं, त्यामुळं त्यातलं खरं किती ते मी सांगू शकत नाही. पण एक गोष्ट दर वेळी तीच असायची. मधे फोटो घेताना पोट हलू नये म्हणून बाई म्हणाल्या, आजोबा, श्वास धरा. "म्या म्हणलं, आधी तुमी धरून दावा. धरला बाईनं. तोंडावर फडकं होतं, पर डोळं मोठं झालं तिचं. मग म्याबी धरला." आणि पुढं म्हणायचे, "तेवढ्यात पाखरू बसलं. फडफड एकदम बंद." दोन-तीन महिन्यांनी तपासणीला सोबत गेलो तेव्हा मी बाईंना विचारलंच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "धरावाच लागला. नाहीतर त्यांनी धरला नसता."

दुसऱ्या दिवशी जरा तरतरी आल्यावर नानांनी पहिलं काय केलं असेल, तर पोटावरची चादर काढून टाके शोधले. टाके नव्हते. जांघेत दोन पट्ट्या, बस्स. ते विचारात पडले. एवढा मोठा जीवघेणा रोग आणि दाखवायला जखम नाही, गावात कोण विश्वास ठेवणार? आणि तसंच झालं. परत आल्यावर भेटायला आलेले लोक सदरा वर करून बघायचे आणि एकमेकांकडं बघायचे. एक जण तर बाहेर पडताना म्हणाला, "काय झालंच नसंल, गॅस असंल." नानांनी ते ऐकलं. आयुष्यभर लोकांवर संशय घेणाऱ्या माणसावर गावानं संशय घेतला, तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. मी हसलो नाही. म्हणजे, त्यांच्यासमोर हसलो नाही.

पण हॉस्पिटलात असतानाच त्यांना दुसरी एक काळजी लागली होती. ती नळी देणारा माणूस. त्याचं नाव मल्लाप्पा, लोहाऱ्याकडच्या सास्तूरचा शेतकरी, नानांपेक्षा थोडा लहान. त्याची नवी नळी पुण्याहून आली, त्याचंही ऑपरेशन नीट झालं आणि योगायोगानं दोघांच्या खाटा एकाच वॉर्डात आल्या. नाना दोन दिवस त्याच्याकडं नुसतं टक लावून बघत होते. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

"का दिलीस?" त्यांनी विचारलं.

मल्लाप्पा भात खात होता. "काय?"

"नळी. मी तुझा कोन? पुढं काय मागनार हायस?"

मल्लाप्पानं घास गिळला. तो रागावला नाही. "मागायचं काय त्यात? भूकंपात आमचं गाव समदं बसलं बगा. म्या तवा जवान गडी होतो, ढिगाऱ्यातनं काढलं मला. कुनी काढलं, म्हायत न्हाय. पुना घर बांधून दिलं. कुनी दिलं, त्यांचं तोंडबी म्या बगितलं न्हाय. तवापासनं त्या घरातच ऱ्हातो. आता डॉक्टरनं इचारलं, देऊ का, तर म्या काय म्हनू?"

नाना नखाकडं बघत राहिले. त्या दिवशी त्यांनी जेवणावर थेंब टाकला नाही, असं सुनंदा म्हणते. पण बाटली हॉस्पिटलनं काढून घेतली होती, त्यामुळं यातून फार अर्थ काढायला नको.

बरं झाल्यावर त्यांनी मला गाडी काढायला लावली. सास्तूरला जायचं. आदल्या दिवशी स्वतः कढईपाशी बसून खवा केला, दूध नखावर घेऊन निवडलेलं. पळसाच्या पानात गोळा बांधला. मल्लाप्पा घरीच होता. पत्र्याच्या छपरांची रांग, दारात बैलगाडी, आणि घरं सगळी एकसारखी, सरकारी मापाची. नानांनी गोळा त्याच्या हातात दिला आणि खिशातून बाटली काढून शेजारी ठेवली. "तपासून घे," म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठा मान कुणाला मिळालेला मी पाहिला नाही. आपली बाटली ते कुणाच्या हाती देत नसत.

मल्लाप्पानं बाटलीकडं बघितलंसुद्धा नाही. एक मोठा तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. "बेस हाय," म्हणाला आणि आत बायकोला हाक मारली.

परतीच्या वाटेवर नाना फुरंगटून बसले होते. "येडं हाय ते," तुळजापूरच्या वाटेला लागल्यावर म्हणाले. "असं कसं खाल्लं? उद्या कुनीबी कायबी दील." मी गाडी चालवत राहिलो. धाराशिव मागं पडलं, येडशीच्या पुढं आलो, तेव्हा बराच वेळ बाहेर बघत असलेले नाना आपल्याशीच म्हणाले, "येडं न्हाय."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. माझ्याकडूनच. विडीही सुटली, किंवा सुटल्याचं सांगायचे. पण बाटली सुटली नाही. पाकिटातली एक गोळी फोडून थेंब टाकायचा, ती निळी पडेपर्यंत थांबायचं आणि मग दुसरी तोंडात टाकायची. "निळी पडली म्हंजी तीच हाय," हा नवा नियम. एकदा कंपनी बदलली, त्या गोळीत स्टार्च नव्हता. ती निळी होईना. नाना पायरीवर येऊन उभे! "मेडिकल, मैदा कुठं गेला ह्यातला? नकली हाय." मी कपाळाला हात लावला आणि जुन्या कंपनीची मागवून दिली.

वर्षाकाठी सोलापूरला स्कॅन व्हायचा. नळी सरकली नाही ना, कुठं झिरपत नाही ना, हे आयुष्यभर बघावं लागतं. नाना कुरकुरत पण जायचे. बाईंच्या शेजारी खुर्ची ओढून, पडद्यावर स्वतःच्या पोटातलं कापड बघायचे. "खळ न्हाय," दर वेळी म्हणायचे, आणि बाई दर वेळी म्हणायच्या, "नाही."

नाना पुढं गेले ते झोपेत, बाजेवर, दुपारचे. हृदय थांबलं. त्याच्या थोडं आधी स्कॅन झालेला होता, नळी जागच्या जागी होती. ते पाखरू नव्हतं.

त्याआधीच्या बाजाराला ते दुकानात आले होते. तीच माझी त्यांची शेवटची भेट. रिकामी बाटली काउंटरवर ठेवून म्हणाले, "संपली. दुसरी दे." मी दिली. आता नेहमीचा कार्यक्रम व्हायला हवा होता. नवीन बाटली घेतली की नाना कागदाच्या पुडीतला चिमूटभर मैदा काउंटरवर टाकायचे आणि त्यावर थेंब. आयोडिनचीही परीक्षा! मैदा निळा झाला तर आयोडिन खरं. मी सवयीनं कागद पसरून ठेवला. नानांनी बाटली उचलली, खिशात टाकली आणि पायरी उतरले.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मनात दुसरंच आलं. नाना तपासत नाहीत म्हणजे नानांना काहीतरी झालंय. मी दुकान तसंच टाकून धावलो. भाजीवाल्यांच्या रांगेत त्यांना गाठलं, आणि काय बोलावं ते न सुचून सरळ त्यांच्या पोटावर पंजा ठेवला. सदऱ्याखाली पोट मऊ, निवांत. ठोका नव्हता.

नानांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काय बघतोस रं?"

"बाटली तपासली नाहीत तुम्ही."

"मग?"

"मला संशय आला."

त्यांच्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं. इतकं मोकळं हसू मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. "आत्ता शिकलास," म्हणाले. "आरं, तू दिलीस ना ती? तुझं काय तपासायचं?" आणि मग आवाज खाली आणून, डोळ्यानं पलीकडं दाखवत, "त्या पेढेवाल्याचं मातुर सांगता येत न्हाय. नवा दिसतोय."

मी तिथंच उभा राहिलो. नाना गर्दीतून पेढेवाल्याच्या गाड्यापाशी पोचले, एक पेढा उचलून फोडला आणि माझ्या बाटलीचं बूच उघडलं. पेढेवाला ओरडायला लागला.